साखर तीच, आंबटपणा वेगळा

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतोच. मणी चिरडायचा, रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा. रसात साखर किती, ते ‘ब्रिक्स’ नावाच्या आकड्यात दिसते. थॉमसन जातीच्या द्राक्षाचा आकडा १८च्या पुढे सरकला की व्यापारी बागेत येतो आणि भावाची बोलणी सुरू होतात.

हेच यंत्र घेऊन ऑक्टोबरात जर्मनीतल्या मोझेल नदीच्या काठी गेलो, तर तिथल्या रीझलिंग जातीच्या हिरवट-पिवळ्या मण्याचा आकडाही १८-१९च दिसू शकतो. साखर आपल्या थॉमसनइतकीच. पण मणी तोंडात टाकला की गोडीच्या पाठोपाठ आंबटपणाची अशी कळ येते की जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून लाळ सुटते. आपल्या बाजारात अशी द्राक्षे निघाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पिशवी परत आणून देईल. मोझेलच्या शेतकऱ्याचा मात्र सगळा संसार या आंबटपणावर चालतो. त्याच्या वाइनला जगभर मागणी आहे ती त्यासाठीच.

यंत्रावर आकडा तोच असताना चव इतकी वेगळी का? जातीचा वाटा आहेच. रीझलिंगमध्ये मुळातच आम्ल जास्त असते आणि थॉमसन ही खाण्याची, बिनबियांची जात. पण रीझलिंगच उष्ण मुलखात लावली तर तिची ही धार बरीच बोथट होते. खरी करामत थंडीची आहे, आणि ती मण्याच्या आत चालते.

## मण्याच्या आत काय जळते

द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात. एक टार्टरिक, म्हणजे चिंचेला आंबट करणारे. दुसरे मॅलिक, म्हणजे हिरव्या सफरचंदात असते ते. मणी छोटा आणि टणक असतो तेव्हा ही दोन्ही त्यात साठत जातात, साखर जवळजवळ नसते. मग एक दिवस मण्यात पाणी उतरते. मणी मऊ पडतो, त्याची साल किंचित पारदर्शक होते. इथून पुढे पाने सूर्यप्रकाशात तयार केलेली साखर घडाकडे पाठवू लागतात.

त्याच वेळी उलट्या बाजूचे कामही सुरू होते. मणी जिवंत असतो, त्याला श्वसनासाठी इंधन लागते, आणि पाणी उतरल्यानंतर तो प्रामुख्याने मॅलिक आम्ल जाळू लागतो. टार्टरिकला तो फारसा हात लावत नाही. हे जाळणे किती वेगाने होईल ते तापमानावर ठरते. दुपार तापली की वेग वाढतो, रात्र गार असली की मंदावतो.

नाशिकला द्राक्ष पिकते जानेवारीपासून मार्चपर्यंत. रात्री थंड असल्या तरी दुपारचा पारा तिशीच्या आसपास जातो, पुढे त्याच्याही वर. साखर झपाट्याने भरते आणि मॅलिकही झपाट्याने संपते. मोझेलला पाणी उतरते ऑगस्टमध्ये, आणि तोडणी सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढे, कधी थेट नोव्हेंबरपर्यंत. त्या काळात दिवस १५-२० अंशांचे, रात्री त्याहून कितीतरी गार. साखर रांगत रांगत १८ ब्रिक्सवर पोचते, तोवर मॅलिकचा बराचसा साठा शिल्लकच असतो. शिवाय घड वेलीवर जास्त दिवस राहिल्याने फुलांच्या आणि फळांच्या वासाची द्रव्ये तयार व्हायला वेळ मिळतो. म्हणून इथल्या वाइनमध्ये दारूचे प्रमाण कमी असूनही वास भरपूर असतो.

म्हणजे उष्ण प्रदेशातल्या वाइनवाल्याची धडपड आम्ल वाचवण्याची असते. तो तोडणी लवकर करतो, भल्या पहाटे करतो. थंड प्रदेशातल्याची धडपड उष्णता मिळवण्याची. मोझेलच्या बागेत फिरताना दिसणाऱ्या बहुतेक विचित्र गोष्टींचा उलगडा या एकाच धडपडीतून होतो.

## उतार, पाटी आणि नदी

पहिली विचित्र गोष्ट म्हणजे बागा कड्यावर आहेत. ट्रीअर ते कोब्लेन्ट्स हे अंतर सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत भरते, पण नदी वळणे घेत जवळजवळ दुप्पट वाट चालते. प्रत्येक वळणावर एका काठाला दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलेला डोंगर मिळतो, आणि द्राक्षे त्याच काठावर. समोरच्या सावलीच्या काठावर पुष्कळदा नुसते जंगल. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा उतार काही जागी ६५ अंशांच्या आसपास आहे. तिथे माणूस चालत नाही, चढतो.

एवढा अट्टहास का, ते शाळेच्या भूमितीने कळते. हा भाग ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर, फळात साखर भरण्याचा शेवटचा टप्पा चालू असताना, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ३२ अंश वर येतो. त्याच दिवशी नाशिकला तो ६२ अंशांवर असतो. मोझेलच्या सपाट जमिनीवर ती किरणे तिरपी पसरतात आणि लंब किरणांच्या मानाने निम्म्याहून थोडीच जास्त ऊब देतात. पण जमीनच दक्षिणेकडे ४० अंश कलती असेल तर तीच किरणे तिच्यावर जवळजवळ काटकोनात पडतात आणि तेवढ्याच जागेला पावणेदोन पट ऊन मिळते. शेतकऱ्याला सूर्य वर आणता येत नाही, तो जमीन कलती शोधतो.

दुसरी गोष्ट पायाखाली. या बागांत माती शोधावी लागते. सगळीकडे काळपट-निळ्या दगडाच्या कपच्या पसरलेल्या असतात, पाऊल टाकले की खळखळ वाजतात आणि घसरतात. हा पाटीचा दगड, ज्याच्या पाट्यांवर आपल्या आजोबांनी बाराखडी गिरवली तो. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या चिखलापासून तो बनला. गडद रंगामुळे तो दिवसा तापतो आणि संध्याकाळी ऊब परत सोडतो. कपच्यांमधून पावसाचे पाणी झटकन निचरते, आणि मुळे फटींमधून खोल जातात. युर्त्सिग गावाजवळ हाच दगड लालसर होतो.

तिसरी गोष्ट नदी. पाणी हळू तापते आणि हळू निवते, त्यामुळे वसंतातले हिमतुषार आणि शरदातली थंडी काठावर थोडी सौम्य होते. पाण्यावरून परतलेला उजेडही खालच्या ओळींना मिळतो.

वेलींची बांधणीसुद्धा पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे मांडव घालतात, तो घडावर सावली राहावी, मणी उन्हाने भाजू नयेत म्हणूनही. मोझेलच्या जुन्या उतारांवर मांडव नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेलीला एक स्वतंत्र खुंटा आणि दोन काड्या वाकवून खाली बांधलेल्या, बदामाच्या आकारात. तारा नसल्याने कामकऱ्याला उतारावर आडवे जाता येते, खाली उतरून पुन्हा वर चढावे लागत नाही. घडाभोवतीची पाने मुद्दाम काढतात, ऊन आत यावे म्हणून. ट्रॅक्टर इथे निरुपयोगी. काही उतारांवर एका रुळाची छोटी गाडी माणसे आणि क्रेट वर-खाली नेते, बाकी सारे हाताने. सपाट बागेच्या कितीतरी पट मजुरी लागते. १९९०च्या सुमारास या खोऱ्यात १२,००० हेक्टरांहून जास्त बागा होत्या, आता ९,०००च्याही आत आल्या आहेत. सोडून दिलेल्या उतारांवर झुडपे माजलेली दिसतात.

आपल्या बागायतदारांना आवडेल अशी एक गोष्ट इथे सांगून टाकतो. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावायचा कोणी विचार करत नाही. युरोपातही १९व्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने बागा उद्ध्वस्त केल्यापासून अमेरिकी खुंटावर कलम करणे हाच रिवाज आहे. मोझेलच्या दगडी उतारांवर मात्र ही कीड फारशी माजली नाही. त्यामुळे स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली इथे आजही बऱ्याच सापडतात.

## आंबट वर्षांची किंमत

हा सगळा खटाटोप करूनही द्राक्ष दरवर्षी पिकेच असे नाही. थंड, पावसाळी वर्ष आले की साखर भरत नसे आणि आम्ल मात्र सगळे शिल्लक राही. ती वाइन कोणी घेत नसे. १९व्या शतकाच्या मध्यावर अशी वर्षे, कर आणि पडलेले भाव यांनी इथले शेतकरी भिकेला लागले. त्यांच्या हलाखीवर जानेवारी १८४३मध्ये ‘राइनिशे त्साइटुंग’ या वृत्तपत्रात लेख लिहिणारा तरुण संपादक ट्रीअरमध्येच जन्मलेला होता. त्याचे नाव कार्ल मार्क्स. त्याच वर्षी प्रशियाच्या सरकारने ते पत्र बंद पाडले. मार्क्सच्या अर्थविचारामागे मोझेलची आंबट द्राक्षे आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण पोटापाण्याचे जे प्रश्न त्याला पहिल्यांदा सामोरे आले त्यांत या शेतकऱ्यांचा एक होता.

लुडविग गाल या ट्रीअरच्याच समाजसुधारकाने आंबट वर्षांवर उपाय काढला. आंबवण्यापूर्वी रसात साखरेचे पाणी घालायचे. साखरेमुळे दारूचे प्रमाण वाढे, पाण्यामुळे आंबटपणा सौम्य होई. गरिबांची पिके वाचली, पण भेसळीचा आरोपही चिकटला. आज पाणी घालण्याला बंदी आहे, आणि वरच्या दर्जाच्या वाइनमध्ये साखर घालणेही चालत नाही. म्हणूनच जर्मनीत बाटलीवरचा दर्जा ठरवताना पहिला प्रश्न असतो तो तोडणीच्या वेळी रसात साखर किती होती हा. इथे ब्रिक्सऐवजी ‘ओक्सले’ अंश मोजतात. फॉर्ट्सहाइमचा सोनार फर्डिनांड ओक्सले याच्या नावाचे हे माप अगदी सरळ आहे. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके ओक्सले. आपले १९ ब्रिक्स म्हणजे सुमारे ७९ ओक्सले.

बाटलीवर काय लिहिलेले असते

*काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे:* तोडणीच्या वेळी द्राक्ष किती पिकलेले होते त्याच्या चढत्या पायऱ्या. बाटलीतली वाइन गोड आहे की नाही, हे यावरून कळत नाही.

*ट्रोकन:* गोडी जवळजवळ नाही. लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर.

*हाल्बट्रोकन:* लिटरमागे साधारण १८ ग्रॅमपर्यंत साखर.

*फाइनहेर्ब:* किंचित गोड. याला कायद्याने ठरवलेला आकडा नाही, शेतकऱ्यावर विश्वास ठेवायचा.

*आइसवाइन:* द्राक्षे वेलीवरच गोठल्यावर, उणे ७ अंश किंवा त्याहून कमी तापमानात तोडून लगेच पिळतात. पाणी बर्फ होऊन मागे राहते, दाट गोड रस बाहेर येतो.

## शेतकऱ्याच्या घरी

मोझेलच्या काठी मोठे कारखाने थोडे, कुटुंबांच्या छोट्या बागा जास्त. आधी फोन करून वेळ ठरवायची. चव घेण्याची खोली म्हणजे बहुधा घराचाच एक भाग असतो. लाकडी टेबल, पाव, पाण्याचा जग, थुंकण्यासाठी एक भांडे. बाटल्या काढून देणारी व्यक्ती तीच, जिने सकाळी उतारावर काड्या बांधलेल्या असतात. नाशिकजवळच्या मोठ्या वाइनरीतला पर्यटकांचा गजबजाट डोक्यात ठेवून गेलेल्या माणसाला इथली शांतता जरा अवघडच वाटते.

एक सोपी वाटही आहे. गावातून फिरताना एखाद्या दारावर डहाळ्यांचा गुच्छ किंवा केरसुणी टांगलेली दिसली की समजावे, तिथे शेतकऱ्याने आपली हंगामी खानावळ उघडली आहे. वर्षातून चार महिने आणि ४०पर्यंत खुर्च्या एवढ्या मर्यादेत, हॉटेलचा परवाना न काढता, त्याला आपलीच वाइन आणि साधे जेवण विकता येते.

चव घेण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी बिनगोड, मग थोडी गोड, शेवटी दाट गोड. उलटे केले तर गोडीनंतर बिनगोड वाइन नुसती आंबट लागते. पेला थंड हवा, पण बर्फगार नको, कारण फार थंडीत वास बाहेर येत नाही. आधी हुंगायचे, मग छोटा घोट तोंडभर फिरवायचा आणि भांड्यात थुंकायचा. आपल्याला हे असभ्य वाटते. तिथे मात्र सहा-आठ बाटल्यांची चव घेऊन शुद्धीवर राहण्याचा तोच शिष्टसंमत मार्ग आहे, आणि गाडी चालवत परतायचे असेल तर दुसरा मार्ग नाहीच.

## गोड का लागत नाही

काबिनेटच्या घोटात बहुतेकांची फसगत होते. रसात लिटरला सुमारे १८० ग्रॅम साखर असते. यीस्ट साधारण १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का दारू बनवते. सगळी साखर आंबली तर वाइन साडेदहा टक्क्यांची आणि बिनगोड होईल. पूर्वी हिवाळा आला की तळघर इतके गारठे की यीस्ट अर्ध्यावरच थांबे. आता शेतकरी टाकी थंड करून, मग यीस्ट गाळून ते काम स्वतः करतो. ८ टक्क्यांवर थांबवले तर लिटरमागे सुमारे ४५ ग्रॅम साखर वाइनमध्ये उरते.

४५ ग्रॅम म्हणजे कोलापेयातल्या साखरेच्या निम्म्याच्या जवळपास. तरी ही वाइन कोणाला सरबती गोड वाटत नाही, कारण तिच्यात लिटरमागे ८-९ ग्रॅम आम्लही असते. लिंबाच्या सरबताने हे लगेच पटते. पेलाभर पाण्यात चार चमचे साखर घातली तर ते पाणी पिववत नाही. त्यातच अख्खे लिंबू पिळले की तीच साखर हवीहवीशी होते. साखर कमी झालेली नसते, जीभ दोन्हींचा एकत्र हिशेब करते. फरक इतकाच की सरबतात लिंबू आपण पिळतो, आणि मोझेलच्या शेतकऱ्याला ते बाहेरून घालायची गरज पडत नाही, थंड रात्रींनी ते मण्यात राखून ठेवलेले असते.

माझ्या मते मोझेलची खरी ओळख ही काबिनेट आहे, महागडी आइसवाइन नव्हे. आइसवाइन एका चमच्यात आपले सगळे सांगून टाकते. काबिनेटचा पहिला घोट गोड, दुसरा आंबट, तिसऱ्याला फळाचा वास. दारूही इतकी कमी की शेतकरी ती दुपारच्या जेवणासोबतही पितात. कोथिंबीर-मिरचीच्या तिखटाबरोबर ती चांगली जुळते. तिखटाने भाजलेल्या जिभेला तेरा-चौदा टक्क्यांची दारू आणखी भाजते, आठ टक्क्यांची, थोडी गोड वाइन तसे करत नाही.

## रॉकेल, खडे आणि दगडाची चव

जुनी रीझलिंग उघडली तर कधी कधी चक्क रॉकेलचा वास येतो. बाटली खराब नसते. द्राक्षाच्या रंगद्रव्यांपासून बनलेली संयुगे बाटलीत वर्षानुवर्षे हळूहळू तुटतात आणि टीडीएन नावाचे एक द्रव्य तयार होते, त्याचा हा वास. घडांना जितके जास्त ऊन लागलेले, तितका तो बळावतो. काहींना तो हवा असतो, काहींना अजिबात नको. मी दुसऱ्या गटातला.

बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्याप्रमाणे चमकणारे खडे दिसले तर घाबरू नये. टार्टरिक आम्लाचे ते क्षार, थंडीत तळाशी बसलेले. निरुपद्रवी आहेत.

‘पाटीच्या दगडाची चव’ ही मात्र थोडी तपासून घ्यावी. शेतकरी निळ्या आणि लाल दगडावरच्या दोन बाटल्या शेजारी ठेवतो आणि वेगळेपण खरोखर जाणवते. पण दगड विरघळून वाइनमध्ये उतरतो म्हणून नाही. अ‍ॅलेक्स मॉल्टमन या वेल्समधल्या भूशास्त्रज्ञाने हे पुन्हा पुन्हा मांडले आहे की दगडाला जवळजवळ चवच नसते, आणि मुळे दगड नव्हे तर पाण्यात विरघळलेले मोजके क्षार शोषतात. दगडाचा परिणाम होतो तो ऊब, निचरा आणि मुळांची खोली यांतून. जिभेला जे खनिज वाटते त्यामागे बहुधा आम्ल असते, आणि थोडे बाटली उघडताना येणारे गंधकाचे वास.

## थंडी कमी होत चालली आहे

आता हाच सगळा हिशेब बदलतो आहे. पूर्वी ज्या खोऱ्यात द्राक्ष पिकेल की नाही ही चिंता असे, तिथे आता जवळजवळ दरवर्षी पिकते, आणि तोडणीही कितीतरी लवकर सुरू होते. हलकी काबिनेट करायची तर साखर फार चढण्याआधीच घड काढावे लागतात. २०१९च्या हंगामात पुरेशी कडक थंडी न पडल्याने जर्मनीच्या १३ वाइन प्रदेशांपैकी एकाही ठिकाणी आइसवाइन झाली नाही, असे आधी कधी घडले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या घडावरची पाने काढणारे शेतकरी कडक उन्हाळ्यात ती तशीच ठेवू लागले आहेत, मणी भाजू नयेत म्हणून. नाशिकचा मांडव जे काम करतो, तेच हे.

मोझेलला येऊन मिळणाऱ्या झार आणि रूवर या नद्यांची खोरी जास्त थंड. तिथली द्राक्षे जुन्या काळी मोजक्याच वर्षी नीट पिकत, बाकीच्या वर्षी आंबट वाइन पडत्या भावात जाई. आज आम्ल टिकवून ठेवणाऱ्या वाइनसाठी लोक मुद्दाम तिथल्या बागांचे पत्ते शोधत जातात. मुख्य खोऱ्यातही उताराच्या माथ्यावरचे आणि आडबाजूच्या दऱ्यांतले वारा लागणारे तुकडे, जे फुकट मिळाले तरी कोणी घेत नसे, त्यांची चौकशी सुरू झाली आहे.